विश्लेषण : नृत्योपचारकाचे नाव कायद्यात आले, पण तो ओळखायचा कसा?

उन्हाळी शिबिरांच्या फलकांवर झुंबा आणि अॅरोबिक्सच्या शेजारी आता ‘डान्स थेरपी’ हे शब्दही दिसू लागले आहेत. महानगरांतील शाळा आणि समुपदेशन केंद्रांतून निघालेला हा शब्द मोबाइलच्या पडद्यावरून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. मंगळवेढ्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या, मूल वेळेवर बोलत नाही म्हणून काळजीत पडलेल्या आईला किंवा कंपवाताने पावले अडखळणाऱ्या वडिलांना घेऊन सोलापूरच्या खेपा करणाऱ्या मुलाला हा शब्द आशेचा वाटतो. मात्र फलक लावणाऱ्याने कोणते शिक्षण घेतले आहे, त्याला कोणी परवानगी दिली आहे आणि काही बिघडले तर जाब कोणाला विचारायचा, याची उत्तरे फलकावर नसतात. संसदेने २०२१ मध्ये केलेल्या एका कायद्यात नृत्योपचारकाचा उल्लेख आरोग्यसेवेतील एक व्यवसाय म्हणून झाला आहे. तरीही हा गोंधळ अद्याप संपलेला नाही.

नाचून बरे वाटतेच, मग वेगळा उपचार कशासाठी?

हा प्रश्न मंगळवेढ्यात विचारला जाणे स्वाभाविक आहे. तालुक्यातील हुलजंती येथे दिवाळीत महालिंगरायाची यात्रा भरते. पालख्यांच्या भेटी पाहायला महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातूनही भाविक येतात. धनगर समाजाचे गजी ढोल वाजू लागले की पन्नाशी-साठी ओलांडलेले गडीही फेरात उतरतात. पंचमीला बायका फेर धरतात, फुगड्या खेळतात. पंढरपूर तर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दिंडीतली पाउली इथे कोणाला शिकवावी लागत नाही. फेरातून बाहेर पडलेल्या माणसाला हलके वाटते, हे सांगायला कोणत्याही संशोधनाची गरज नाही.

पण हलके वाटणे आणि उपचार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालदांडीची भाकरी अंगी लागते, म्हणून ती थापणारी प्रत्येक बाई आहारतज्ज्ञ ठरत नाही, तसेच हे आहे. फेर सगळ्यांचा असतो. उपचार मात्र एका विशिष्ट माणसाचा, त्याच्या विशिष्ट तक्रारीचा असतो. त्यात आधी तपासणी होते, काय साधायचे हे ठरते, प्रत्येक सत्राची नोंद राहते, प्रगती झाली की नाही हे ठरावीक काळाने पाहिले जाते आणि या सगळ्याची जबाबदारी एका प्रशिक्षित माणसावर असते. अमेरिकेतील व्यावसायिक संघटनेच्या व्याख्येचा आशय असा, की माणसाच्या भावना, विचार, शरीर आणि इतरांशी असलेले नाते यांची सांधेजोड व्हावी यासाठी हालचालीचा मानसोपचार म्हणून केलेला वापर म्हणजे नृत्योपचार. व्याख्येतील मुख्य शब्द ‘मानसोपचार’ हा आहे. नृत्य हे त्याचे साधन. म्हणूनच जगभर या शाखेला नुसते ‘डान्स थेरपी’ न म्हणता ‘डान्स मूव्हमेंट थेरपी’ म्हणण्याचा प्रघात पडला. बोट हलवणे, मान वळवणे, श्वास रोखून धरणे यांचाही त्यात हालचाल म्हणून विचार होतो. ठेका चुकला, पाऊल चुकले असे काही त्यात नसते, कारण बसवलेले नृत्य शिकवायचेच नसते.

सत्रात नेमके काय घडते?

स्वमग्न मुलाचे उदाहरण घेता येईल. मूल खोलीच्या कोपऱ्यात उभे राहून हात झटकत आहे, कोणाकडे पाहत नाही. घरात आणि शाळेत त्याला ‘हात खाली’ असे सतत सांगितले जाते. नृत्योपचारक ते सांगत नाही. थोड्या अंतरावर उभे राहून तो त्याच लयीत आपले हात झटकू लागतो. काही वेळाने तो लय किंचित बदलतो आणि थांबतो. मूल क्षणभर थबकून पाहते. त्या दिवसाचे काम कदाचित एवढेच असते. पुढच्या सत्रांत ही नक्कल दोघांची होते, मग त्यात वळण येते, चेंडू येतो, आवाज येतो. या पद्धतीला ‘मिररिंग’ म्हणतात. मराठीत ‘प्रतिबिंबन’ म्हणता येईल. ‘तू जसा आहेस तसा मला दिसतोस’ हे शब्दांवाचून सांगणे हा त्याचा गाभा आहे. वेडावून दाखवणे आणि प्रतिबिंबन यांत दिसायला फारसा फरक नसतो, पण समोरच्या माणसाला तो लगेच कळतो. ही कसरत शिकण्यासाठीच प्रशिक्षण लागते.

प्रौढांच्या गटात सत्र साधारणपणे वर्तुळात सुरू होते. आज शरीर कसे आहे हे प्रत्येक जण एखाद्या हालचालीतून दाखवतो, अंग मोकळे केले जाते, मग एखादा विषय घेतला जातो. ओढणे-ढकलणे, नकार देणे, ओझे उतरवणे अशा साध्या कृतींतून कधी कधी वर्षानुवर्षांचे दबलेले काही वर येते. शेवटी पुन्हा वर्तुळ आणि बोलणे. उपचारक पूर्ण वेळ निरीक्षण करत असतो. त्यासाठी लागणारी परिभाषा या व्यवसायाने युरोपातील नृत्यविचारवंत रुडॉल्फ लाबान यांच्याकडून घेतली. हालचालीत वजन किती, वेळ घाईचा की सावकाश, दिशा थेट की भटकती, आणि प्रवाह मोकळा की आवळलेला, या चार कसोट्यांवर माणसाची हालचाल वाचली जाते. नैराश्यातील माणसाचे खांदे आणि पावले काय सांगतात हे घरच्यांनाही दिसते. उपचारकाला ते नोंदता यावे लागते आणि महिन्याभराने काय बदलले हे दाखवता यावे लागते.

युद्ध, मनोरुग्णालय आणि एक नर्तिका

या व्यवसायाचा जन्म मनोरुग्णालयात झाला, नृत्यशाळेत नाही. मेरियन चेस या वॉशिंग्टनमध्ये नृत्य शिकवत. आपल्या वर्गात येणारी काही माणसे नर्तक होण्यासाठी येतच नाहीत, वर्ग संपल्यावर मात्र ती बदललेली दिसतात, हे त्यांच्या लक्षात आले. १९४२ मध्ये त्यांनी तेथील सेंट एलिझाबेथ्स या सरकारी मनोरुग्णालयात काम सुरू केले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक तेथे दाखल होत होते. आजची मनोविकारांवरची औषधे तेव्हा नव्हती, त्यातले पहिले प्रभावी औषध १९५० च्या दशकात आले. महिनोन्महिने एक शब्दही न बोलणाऱ्या रुग्णाशी संवाद कसा साधायचा, हा डॉक्टरांपुढचा प्रश्न होता. चेस रुग्णांना गोल उभे करत, ग्रामोफोन लावत आणि ज्याचे फक्त बोट हलते आहे त्याच्या बोटापासून सुरुवात करत.

पुढे १९६६ मध्ये अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली आणि चेस तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. संघटनेने आधी काय केले, तर आपल्यापैकी कोणाला नृत्योपचारक म्हणायचे याचे नियम ठरवले. आज तेथे नोंदणीसाठी पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखाली केलेले सातशे तासांचे प्रत्यक्ष काम लागते. ब्रिटनची कथा थोडी वेगळी आणि भारताला जवळची आहे. तेथे चित्र, नाट्य आणि संगीत या तिन्ही कलांच्या उपचारकांना वैधानिक नोंदणी आहे, नृत्योपचारकांना मात्र ती मिळालेली नाही. त्यांची नोंदणी त्यांची स्वतःची संघटनाच ठेवते. म्हणजे कायद्याची मोहोर नसतानाही व्यवसाय शिस्तीत चालू शकतो. मात्र संघटनेचे सदस्यत्व पाहूनच नेमणूक करायची, ही सवय रुग्णालयांना आणि शाळांना लागावी लागते.

भारतात हे काम कोणी उभे केले?

भारतात या शाखेचे नाव घेतले की पहिले नाव येते त्रिपुरा कश्यप यांचे. शास्त्रीय नृत्य शिकलेल्या कश्यप यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात नृत्योपचाराचे प्रशिक्षण घेतले आणि भारतात परतून अपंग मुले, विशेष शाळा आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींबरोबर काम सुरू केले. त्यांचे या विषयावरचे पुस्तक २००५ मध्ये पेंग्विनने प्रसिद्ध केले. तोवर भारतीय विद्यार्थ्यापुढे होती ती परदेशी पुस्तके, परदेशी उदाहरणे आणि परदेशी संगीत.

दुसरा प्रवाह कोलकात्याचा. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनी आणि नर्तिका सोहिनी चक्रवर्ती यांनी देहव्यापारासाठी विकल्या गेलेल्या आणि सुटका झालेल्या मुलींबरोबर काम केले. २००४ मध्ये ‘कोलकाता संवेद’ ही संस्था उभी राहिली. ज्या शरीरावर दुसऱ्यांनी हक्क सांगितला ते शरीर पुन्हा आपले वाटावे, हा त्या कामाचा हेतू. या मुलींपैकी काही जणी पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या. मंगळवेढ्याच्या वाचकाला इथे कान्होपात्रेची आठवण होणे साहजिक आहे. श्यामा या गणिकेची ही लेक नृत्य-गायनात निपुण होती, पण बिदरच्या बादशहापुढे जाण्यास तिने नकार दिला आणि पंढरपुरात विठ्ठलाच्या पायी देह ठेवला, असे परंपरा सांगते. कोणासाठी नाचायचे आणि कोणासाठी नाही, हे ठरवण्याचा हक्क हाच कोलकात्यातील त्या वर्गांचाही विषय आहे. तिथे उत्तर जिवंतपणी मिळावे, यासाठी धडपड असते.

कोलकाता संवेदच्या सहकार्याने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने नृत्योपचाराचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला आणि या व्यवसायाला महाराष्ट्रात एका मान्यवर विद्यापीठाचा पत्ता मिळाला. २०१४ च्या सुमारास दोन संघटनाही आकाराला आल्या. एक इंडियन असोसिएशन ऑफ डान्स मूव्हमेंट थेरपी आणि दुसरी, कश्यप ज्यांच्या संस्थापकांपैकी एक आहेत ती क्रिएटिव्ह मूव्हमेंट थेरपी असोसिएशन ऑफ इंडिया. एवढ्या लहान व्यवसायात दोन संघटना कशाला, असे बाहेरच्याला वाटू शकते. नावांतच एक मतभेद दडलेला आहे. एका नावात ‘डान्स’ आहे, दुसऱ्यात ‘क्रिएटिव्ह मूव्हमेंट’. नृत्य हा शब्द ठेवला तर लोक घुंगरू आणि रंगमंच समजतात, सोडला तर मुळाशी असलेले नाते तुटते. पुण्यात वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग या संस्थेने तिसरी वाट धरली. तिच्या ‘आर्ट्स बेस्ड थेरपी’ या प्रशिक्षणात हालचाल, ताल, नाट्य आणि चित्र ही साधने एकत्र शिकवली जातात. विशेष शिक्षक आणि समुपदेशक यांना आपल्या मूळ कामात ती वापरता यावीत, असा त्यामागचा विचार आहे. तालुका पातळीवर, जिथे केवळ नृत्योपचारावर पोट भरणे अवघड, तिथे ही वाट अधिक व्यवहार्य दिसते.

संघटनेचा रोजचा उपयोग अधिवेशनापेक्षा वेगळ्या ठिकाणी असतो. एकट्याने काम करणाऱ्या उपचारकाला आपल्यापेक्षा अनुभवी व्यक्तीपुढे आपली प्रकरणे, रुग्णाचे नाव उघड न करता, मांडावी लागतात. याला ‘सुपरव्हिजन’ म्हणतात. रुग्णाला स्पर्श कधी करायचा, कधी नाही, चित्रीकरणाला परवानगी कशी घ्यायची, एखाद्याला मनोविकारतज्ज्ञाकडे केव्हा पाठवायचे, हे प्रश्न पुस्तकातून सुटत नाहीत. लहान गावात एकटाच काम करणारा माणूस चुकतो तो बहुधा इथेच, कारण त्याला विचारायला कोणी नसते.

पुण्यातील पार्किन्सन्सचा वर्ग काय शिकवतो?

उपचार आणि वर्ग यांतील सीमारेषा समजून घेण्यासाठी पुण्याचे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. समकालीन नृत्याचे नर्तक-नृत्यदिग्दर्शक ऋषिकेश पवार यांनी पुण्यात पार्किन्सन्स झालेल्या व्यक्तींसाठी नृत्यवर्ग सुरू केला. शहरातील पार्किन्सन्स मित्रमंडळाचे सदस्य त्यात सहभागी झाले. असा प्रयोग न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये सुरू केला होता आणि तो अनेक देशांत पोहोचला आहे.

पार्किन्सन्समध्ये मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. त्यामुळे न ठरवता आपोआप होणाऱ्या हालचाली, म्हणजे चालताना हात हलणे, पाऊल उचलणे, वळणे, मंदावतात. दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो. गंमत अशी, की हाच माणूस जमिनीवर आखलेली रेघ ओलांडायला सांगितली तर ती ओलांडतो, आणि ठेका मिळाला तर त्यावर चालतो. आतून येणारा इशारा कमजोर झालेला असताना बाहेरून आलेला इशारा मेंदूला दुसरी वाट दाखवतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. नृत्यात ठेका, नजर, मोजणी आणि सोबतीची माणसे हे सगळे इशारे एकत्र असतात. शिवाय कंप लपवण्यासाठी घराबाहेर न पडणारा माणूस अशा वर्गात आपल्यासारख्या इतरांना भेटतो. अनेकांना तेवढ्यासाठीही यावेसे वाटते.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ब्रुकलिनचा हा कार्यक्रम स्वतःला उपचार म्हणवत नाही. हा नृत्याचा वर्ग आहे, इथे येणारा रुग्ण नसून विद्यार्थी आहे, असे त्याचे म्हणणे आहे. औषधे, न्यूरोलॉजिस्ट आणि फिजिओथेरपी यांच्या जागी तो येत नाही. आपल्याकडच्या फलकांवर दिसत नाही तो हाच प्रामाणिकपणा. ज्येष्ठांसाठी नाचाचा चांगला वर्ग चालवणे ही पुरेशी मोलाची गोष्ट आहे. त्याला ‘थेरपी’ हे नाव दिल्याने त्याची किंमत वाढत नाही, जोखीम मात्र वाढते. पडण्याचा धोका असलेल्या माणसाला खुर्चीत बसवून वर्ग घ्यायचा की उभे करून, हे ठरवणाऱ्याला आजार माहीत असावाच लागतो, मग वर्गाचे नाव काहीही असो.

पुरावा किती भक्कम?

उत्साह मोठा, पुरावा मध्यम, असे थोडक्यात म्हणता येईल. वैद्यकीय पुराव्यांची कठोर छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये नैराश्यावरील नृत्योपचाराचा आढावा घेतला. निकषांत बसले फक्त तीन अभ्यास आणि त्यांतील सहभागी होते १४७. एवढ्यावरून हा उपचार चालतो असेही म्हणता येत नाही आणि चालत नाही असेही नाही, असा निष्कर्ष निघाला. स्किझोफ्रेनियाबाबत २०१३ च्या आढाव्यात तर ४५ जणांचा एकच अभ्यास सापडला होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले एक विश्लेषण अधिक आशादायक आहे. त्यात ४१ अभ्यास आणि २,३७४ सहभागी होते. नृत्योपचाराने नैराश्य आणि चिंता कमी होते, तर नुसत्या नृत्यवर्गांनी हालचालींची क्षमता सुधारते, असे त्यात दिसले. दोन्हींचे फायदे वेगवेगळे आहेत, हे या आकडेवारीतूनही दिसते.

स्मृतिभ्रंशाबाबत समाजमाध्यमांवर फिरणारा ‘नाचा आणि विसरभोळेपणा टाळा’ हा संदेश बहुधा २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासातून आलेला आहे. पंचाहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींच्या त्या पाहणीत शारीरिक छंदांपैकी एकट्या नृत्याचा स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला होता. पण ती माणसे हौसेने नाचणारी होती, कोणाचा उपचार घेत नव्हती. ज्यांची प्रकृती मुळातच बरी तीच माणसे नाचायला जातात, ही शक्यताही त्यात उरतेच.

कायद्यात नाव आले म्हणजे काय झाले?

डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य यांच्या नोंदणीसाठी परिषदा होत्या. विशेष शिक्षक आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. मधला मोठा वर्ग मोकळाच होता. त्यासाठी ‘राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१’ आला. त्याच्या अनुसूचीत दहा गटांत पन्नासहून अधिक व्यवसाय आहेत. त्यांतील एका गटाच्या शेवटी, पायांच्या विकारांचे तज्ज्ञ आणि उपशामक सेवा देणारे यांच्या रांगेत, ‘मूव्हमेंट थेरपिस्ट’ असा शब्द आहे आणि त्यात कला, नृत्य व हालचाल उपचारकांचा समावेश असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. या व्यवसायातील मंडळींसाठी ही एक ओळ फार मोठी होती. तोवर त्यांची गणना कधी छंदवर्गवाल्यांत, कधी समाजसेवेत होत असे.

पण याच कायद्यात एक मोठी अडचणही आहे. त्यात दोन स्तर आहेत. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणून नोंद हवी असेल तर दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे शिक्षण हवे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायचे तर तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास. आता नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी करता येण्याजोग्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाचा हिशेब मांडून पाहावा. वर्षातील बावन्नही आठवडे, दोन्ही दिवस, रोज सहा तास धरले तरी बेरीज ६२४ होते. म्हणजे मनापासून प्रशिक्षण घेतलेला उपचारकही कायद्याच्या पहिल्या पायरीच्या एकतृतीयांशाच्या आसपासच राहतो. काही दिवसांची कार्यशाळा करून प्रमाणपत्र भिंतीवर लावणारा तर कुठेच बसत नाही, पण आज तो आणि वर्षभर शिकलेला दोघेही रुग्णाला सारखेच दिसतात.

कायद्याची अंमलबजावणीही रेंगाळली. राज्यांच्या परिषदा वेळेत स्थापन झाल्या नाहीत, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांत पावले उचलण्याचे निर्देश दिले. फिजिओथेरपी किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञान यांसारख्या लाखोंच्या व्यवसायांपुढे नृत्योपचारकांचा आवाज लहान. त्यांच्यासाठी पदवीचा अभ्यासक्रम कोण आखणार आणि जुन्या, अनुभवी उपचारकांना कोणत्या वाटेने नोंदणीत घेणार, हे या समुदायापुढचे खरे प्रश्न आहेत. संघटनांनी अभ्यासक्रमाचे निकष एकत्र बसून ठरवले नाहीत तर ते त्यांच्यासाठी दुसरेच कोणी ठरवील.

रोजगाराचे चित्र त्यामुळेच धूसर आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्ता यांचा विचार आहे, नृत्योपचारकाचा नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मधील मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येतही त्याचे नाव येत नाही. परिणामी बहुतेक जण खासगी शाळा, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांच्या कार्यशाळा आणि ऑनलाइन सत्रे अशी मोट बांधून उदरनिर्वाह करतात. साहजिकच ते मुंबई, पुणे, बेंगळूरु, दिल्ली, कोलकाता सोडून फारसे बाहेर पडत नाहीत.

तालुक्याच्या गावात हे कसे रुजेल?

पहिला अडसर पैशाआधी शब्दाचा आहे. ‘नाच’ या शब्दाला ग्रामीण महाराष्ट्रात तमाशापासून वरातीपर्यंतचे अर्थ चिकटले आहेत. चारचौघांत नाचायला बोलावले तर मंगळवेढ्यातील गृहिणी येणार नाही, मात्र ‘पंचमीचे खेळ’ म्हटले तर पदर खोचून येईल. झिम्मा, फुगडी, पिंगा यांत ताल आहे, जोडीदाराचा हात आहे, तोल सावरणे आहे आणि एकमेकींना टोमणे मारण्याची मुभाही आहे. इंग्रजी गाण्यांवर आणि इंग्रजी सूचनांवर वाढलेल्या अभ्यासक्रमांनी या सामग्रीचा अजून म्हणावा तसा विचार केलेला नाही. मात्र फुगडी खेळवली म्हणजे नृत्योपचार झाला असे म्हणण्याची घाईही परवडणारी नाही. सांधे झिजलेल्या, हृदयविकार असलेल्या किंवा चक्कर येणाऱ्या बाईला फुगडी घालायला लावणे धोक्याचे ठरू शकते.

आणखी एक नाजूक बाब म्हणजे यात्रेत, देवळात ‘अंगात येणे’. घुमणाऱ्या बाईला काही काळ मोकळे वाटते, घरचे तिचे ऐकतात, हे मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही नोंदवले आहे. पण त्यामागे नैराश्य, घरातील मारहाण किंवा गंभीर मनोविकार असू शकतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे आणि वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. खेड्यात काम करू पाहणाऱ्या नृत्योपचारकाला या गोष्टींची जाण लागते. शहरातल्या आरसे लावलेल्या स्टुडिओत ती येत नाही.

तोवर पालकांनी आणि नातेवाइकांनी काय करावे? मूल उशिरा बोलत असेल, नजर देत नसेल तर सुरुवात नृत्यवर्गापासून करू नये. अंगणवाडी आणि शाळांतील मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येतात आणि त्यांच्यामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे मोफत पाठवले जाते. मानसिक त्रासासाठी ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. निदान झाल्यावर, चालू उपचारांच्या जोडीला कोणी नृत्योपचार सुचवला, तर समोरच्याला सरळ विचारावे. प्रशिक्षण कुठे आणि किती तासांचे झाले, त्यापैकी रुग्णांबरोबरचे किती, सुपरव्हिजन कोण करते, कोणत्या संघटनेचे सदस्यत्व आहे, नोंदी दाखवाल का, मुलाचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकणार का. प्रशिक्षित माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट तोच आपल्या डॉक्टरांचा क्रमांक मागून घेतो. इतक्या आठवड्यांत हमखास फरक पडेल असे कोणी सांगितले, किंवा गोळ्या बंद करा असे सुचवले, तर पैसे भरण्याआधी तेथून उठावे.

या वाटेने व्यवसायात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासाठीही हिशेब तितकाच रोकडा आहे. नृत्याची विशारद परीक्षा पुरत नाही आणि मानसशास्त्राची नुसती पदवीही पुरत नाही. सोलापूर विद्यापीठातून मानसशास्त्र, समाजकार्य किंवा विशेष शिक्षण यांपैकी एक पाया पक्का करून मग मुंबई-पुण्यात पदविका घेणे, हा आजचा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे. विशेष शिक्षणाची पदवी असेल तर पुनर्वास परिषदेची नोंदणी हाताशी राहते आणि गावातील विशेष शाळेत नोकरी करता करता नृत्योपचार वापरता येतो. प्रवेश घेताना अभ्यासक्रमाचे एकूण तास किती, हे माहितीपत्रकात लेखी पाहून घ्यावे. कायद्याच्या परिषदा पूर्ण क्षमतेने सुरू होतील तेव्हा नोंदणीच्या खिडकीवर पहिल्यांदा विचारला जाईल तो हाच आकडा.